चिमाजी अप्पा : वसईचा वेढा आणि फेडलेला नवस

श्रीवर्धनचे भट घराणे हे पेशव्यांचे मूळ घराणे असून श्रीहरिहरेश्वर हे त्यांचे कुलदैवत होय. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे धाकटे पुत्र व थोरल्या बाजीरावांचे बंधू चिमाजी अप्पा याच घराण्यातील. त्यांची प्रकृती नाजूक होती. निश्चय मात्र अढळ होता. दि. १९ एप्रिल १७३६ रोजी रेवसजवळील कामार्ले येथील लढाईत त्यांनी जंजिऱ्याच्या सिद्दी साताचा पाडाव करून या किनाऱ्यास दिलासा दिला.

पुढील वर्षी पोर्तुगीजांविरुद्ध मोहीम सुरू झाली. ठाण्याचा कोट हाती आला, परंतु वसई येईना. तीन बाजूंस पाणी, चौथ्या बाजूस भक्कम तट. फेब्रुवारी १७३९ मध्ये अप्पांनी स्वतः वेढा चालविला. सुरुंग फुकट जात होते, हल्ले परतत होते, हजारो माणसे कामी आली. तिकडे नादिरशहा दिल्लीत शिरलेला आणि इकडे पावसाळा तोंडावर आलेला. मृग लागण्यापूर्वी किल्ला न पडल्यास दोन वर्षांचे सर्व श्रम वाया जाणार होते.

या मोहिमेच्या काळात अप्पांनी श्रीवज्रेश्वरी देवीस नवस केला, अशी परंपरा आहे. वसई मिळाल्यास देवीचे किल्ल्यासारखे मंदिर बांधीन, असा तो संकल्प होता. देवीवर भार टाकला, पण मोर्चे ढिले पडू दिले नाहीत. अखेर मे १७३९ मध्ये सुरुंगांनी तट फुटला व पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. एवढी हानी सोसूनही अप्पांनी सूड घेतला नाही. शत्रूच्या शिबंदीस कुटुंबकबिल्यासह सन्मानाने जाऊ दिले. मागे राहणाऱ्यांस स्वधर्म पाळण्याची मुभा दिली.

विजयानंतर नवसाचा विसर पडला नाही. अप्पांच्या आज्ञेने सुभेदार शंकर केशव फडके यांनी देवीचे मंदिर उभारले. ठाणे जिल्ह्यातील वज्रेश्वरी येथे ५२ पायऱ्या चढून गेल्यावर तटबंदीचे हे देवालय आजही दिसते.

एप्रिल १७४० मध्ये बाजीराव निवर्तले व त्याच वर्षी डिसेंबरात अप्पांनीही देह ठेवला. संकटात देवाचा धावा सर्वच करतात. परंतु हातचा प्रयत्न न सोडणे, यश मिळाल्यावर संयम राखणे आणि दिलेला शब्द पाळणे, हीच खरी भक्ती होय. अप्पांच्या कुलदैवतासमोर हात जोडताना भाविकांनी हे अवश्य स्मरावे.

॥ श्रीहरिहरेश्वरार्पणमस्तु ॥