अरिष्टातून जन्मलेला देवपुत्र

चीनमध्ये १८५१ ते १८६४ या काळात जे ताइपिंग बंड झाले, त्यात तलवारीने, उपासमारीने आणि रोगराईने किमान दोन कोटी माणसे मेली असावीत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. एवढ्या मोठ्या संहाराचा नायक कोणी सेनापती नव्हता, की पदच्युत राजघराण्याचा वारसही नव्हता. तो खेड्यातला एक शाळामास्तर होता आणि सरकारी परीक्षेत चार वेळा नापास झाला होता. हुंग स्यू-च्युआन हे त्याचे नाव. आपण परमेश्वराचे पुत्र व येशू ख्रिस्ताचे धाकटे भाऊ आहोत, अशी त्याची ठाम श्रद्धा होती. एखाद्या माणसाला असा भास व्हावा, यात नवल नाही. अशी माणसे प्रत्येक काळात व प्रत्येक देशात आढळतात. नवल आहे ते हे की, लक्षावधी लोकांनी तो भास सत्य मानला आणि त्यासाठी प्राण दिले व घेतलेही. असे का घडले, याचे उत्तर हुंगच्या मनात जितके सापडते, त्याहून अधिक त्याच्या काळात सापडते.

हुंगचा जन्म १८१४ साली क्वांगतुंग प्रांतात, कँटनपासून जवळच असलेल्या एका खेड्यात झाला. त्याचे घराणे हाक्का जमातीचे. हाक्का म्हणजे पाहुणे. हे लोक पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी उत्तरेकडून दक्षिणेत आले, तरी मूळचे रहिवासी त्यांना उपरेच समजत. चांगली जमीन आधीच इतरांकडे गेलेली असल्याने हाक्कांच्या वाट्याला डोंगरउतार आणि हलकी रानेच आली होती. त्यांच्या स्त्रियाही शेतात राबत. म्हणून पाय बांधण्याची चिनी रूढी त्यांच्यात नव्हती. अशा कुटुंबातला एक मुलगा हुशार निघाला, तेव्हा घरच्यांनी आणि नातलगांनी त्याच्या शिक्षणावर सगळी आशा एकवटली.

ती आशा होती सरकारी परीक्षेची. चीनमध्ये सत्ता, प्रतिष्ठा आणि पैसा यांच्याकडे जाणारा राजमार्ग या परीक्षेतूनच जात असे. कन्फ्यूशियसप्रणीत ग्रंथ मुखोद्गत करून त्यांवर ठराविक पद्धतीने निबंध लिहावा लागे आणि शंभरात एखाद-दुसराच उत्तीर्ण होई. अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनची लोकसंख्या सुमारे ३० कोटी होती. १८५० पर्यंत ती ४० कोटींच्या पुढे गेली. उत्तीर्णांची संख्या मात्र सरकारने फारशी वाढविली नाही. शिकलेल्या, महत्त्वाकांक्षी आणि निराश तरुणांचा एक मोठा वर्ग यातून निर्माण झाला. हुंग त्यांच्यापैकीच एक होता.

स्वप्न आणि त्याचा अर्थ

हुंगने कोवळ्या वयात पहिली परीक्षा दिली, ती साधली नाही. १८३६ साली तो पुन्हा कँटनला गेला आणि पुन्हा नापास झाला. याच खेपेस शहरात कोणी त्याच्या हाती ख्रिस्ती धर्मावरील एक चिनी पुस्तिका दिली. लियांग आ-फा या चिनी धर्मांतरिताने ती लिहिली होती. हुंगने ती वरवर चाळली आणि बाजूला ठेवली. १८३७ मध्ये पुन्हा अपयश आले, तेव्हा तो इतका खचला की त्याला पालखीत घालून घरी आणावे लागले. कित्येक दिवस तो वातभ्रमात होता. या अवस्थेत आपण स्वर्गात गेलो, सोनेरी दाढीच्या एका वृद्ध पुरुषाने आपल्या हाती तलवार देऊन राक्षसांचा संहार करण्याची आज्ञा केली आणि एका वडील भावाने त्या युद्धात साह्य केले, असे त्याने पाहिले. कन्फ्यूशियसला खडसावले जात असल्याचे दृश्यही त्यात होते. परीक्षेने मोडून पडलेल्या विद्यार्थ्याच्या भ्रमात परीक्षेचे आराध्यदैवतच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे असावे, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

यानंतर मात्र काहीच घडले नाही. हुंग बरा झाला आणि पुन्हा गावात मुले शिकवू लागला. सहा वर्षे ते स्वप्न त्याच्यापाशी अर्थावाचून पडून राहिले. १८४३ साली तो चौथ्यांदा नापास झाला. त्याच सुमारास एका नातलगाने ती जुनी पुस्तिका वाचून हुंगचे लक्ष तिच्याकडे वेधले. आता हुंगला सगळ्याचा उलगडा झाल्यासारखे वाटले. वृद्ध पुरुष म्हणजे परमेश्वर, वडील भाऊ म्हणजे येशू. आणि राक्षस म्हणजे देवळांतल्या मूर्ती. त्याने शाळेतील कन्फ्यूशियसची पाटी काढून टाकली, तेव्हा त्याची मास्तरकी गेली. १८४७ मध्ये इसाखार रॉबर्ट्स या अमेरिकन धर्मोपदेशकाकडे कँटनमध्ये तो काही काळ शिकला. परंतु रॉबर्ट्सने त्याला बाप्तिस्मा दिला नाही. परीक्षकांनी नाकारलेल्या या माणसाला पाद्र्यानेही दारातच थांबविले.

चांदी महागली

स्वप्न आणि त्याचा अर्थ यांमधल्या सहा वर्षांत चीनचे जग उलटेपालटे झाले होते. ब्रिटिश व्यापारी हिंदुस्थानातील अफू चीनमध्ये आणीत आणि तिच्या मोबदल्यात चांदी बाहेर नेत. बंगालच्या अफूचा लिलाव कलकत्त्यास होई, तर माळव्याची अफू मुंबई बंदरातून कँटनकडे जाई. सर जमशेटजी जिजीभाई यांच्यासारख्या मुंबईच्या धनिकांची संपत्ती ज्या चीनच्या व्यापारातून उभी राहिली, त्यात कापसाबरोबर अफूही होती. मुंबईच्या वैभवाचा आणि चिनी शेतकऱ्याच्या दैन्याचा असा एक दुवा आहे. अफू रोखण्याच्या प्रयत्नातून १८३९ मध्ये युद्ध पेटले. १८४२ च्या नानकिंगच्या तहाने चीनला हाँगकाँग गमवावे लागले, पाच बंदरे खुली करावी लागली आणि २ कोटी १० लाख डॉलर भरपाई द्यावी लागली.

शेतकऱ्याला या घटनांची झळ लागली ती नाण्यांच्या भावातून. तो आपला माल तांब्याच्या नाण्यांत विकी. सरकारी सारा मात्र चांदीच्या हिशेबाने आकारला जाई. शतकाच्या आरंभी एक टेल चांदीला सुमारे १००० तांब्याची नाणी पडत. चांदी देशाबाहेर जाऊ लागली. शिवाय दक्षिण व मध्य अमेरिकेतील स्वातंत्र्ययुद्धांमुळे तिचा जागतिक पुरवठाही रोडावला. १८५० च्या सुमारास त्याच एक टेल चांदीसाठी २००० हून अधिक नाणी मोजावी लागू लागली. साऱ्याचा दर कागदोपत्री होता तोच राहिला, पण शेतकऱ्याच्या दृष्टीने तो दुप्पट झाला. कोणत्याही अधिकाऱ्याने कर वाढविला नव्हता, कोणताही हुकूम निघाला नव्हता आणि तरी घरातले धान्य पुरत नव्हते. ज्याला कर्ता दिसत नाही असे हे संकट होते. अशा वेळी मनुष्य कर्ता शोधू लागतो. आणि विद्वान, अधिकारी व पुरोहित यांच्यापाशी उत्तर नसेल, तर जो कोणी ठामपणे उत्तर देईल त्याच्यामागे तो जातो.

क्वांगसीच्या डोंगरात

हुंगचा आप्त व सहाध्यायी फेंग युन-शान हा १८४४ नंतर शेजारच्या क्वांगसी प्रांतातील डोंगराळ मुलखात राहिला आणि त्याने तेथे देवपूजकांची मंडळी स्थापन केली. संघटनेचे सारे श्रेय वास्तविक त्याचे आहे. हा मुलूख तेव्हा अनेक अरिष्टांच्या तिठ्यावर उभा होता. व्यापार कँटनकडून शांघायकडे सरकल्याने चहा-रेशमाची ओझी वाहणारे हमाल बेकार झाले होते. ब्रिटिश आरमाराने समुद्रावरून हुसकलेले चाचे नद्यांतून आत शिरले होते. युद्धासाठी जमविलेले आणि नंतर वाऱ्यावर सोडलेले शिपाई लूटमार करीत होते. १८४९-५० मध्ये दुष्काळ पडला आणि त्यापाठोपाठ हाक्का व स्थानिक यांच्यात जमिनीवरून रक्तरंजित दंगे सुरू झाले. सरकारकडे दाद मागावी, तर सरकार होते कुठे?

देवपूजकांच्या मंडळीत मात्र दाद होती. येणाऱ्याने आपले होते-नव्हते ते सामाईक कोठारात टाकायचे आणि सर्वांनी त्यातून सारखे खायचे, असा नियम होता. दुष्काळात सापडलेल्या माणसाला याहून प्रभावी प्रवचन कोणते असणार? कोळसे पाडणारे, खाणमजूर, भूमिहीन शेतकरी अशी हजारो माणसे या धर्मात आली. १८५१ च्या जानेवारीत चिंतियान या गावी बंडाचा झेंडा उभारला गेला आणि हुंगने स्वर्गीय राजा ही पदवी घेतली. त्याच्या राक्षसांचाही एव्हाना नवा अर्थ लागला होता. आधी ते नुसते राक्षस होते, मग ते मूर्ती झाले, आता ते मांचू राज्यकर्ते झाले. मिथकाची ही शक्ती विशेष ध्यानात घेतली पाहिजे. राक्षसाची जागा त्यात आधीच राखून ठेवलेली असते. त्या जागी कोणाला बसवायचे, हे परिस्थिती ठरविते. १८५३ च्या मार्चमध्ये नानकिंग पडले, तेव्हा तेथील मांचू छावणीतील हजारो पुरुष, स्त्रिया आणि मुले यांची सरसकट कत्तल झाली. राक्षसाच्या मुलाला मूल मानण्याचे कारण कत्तल करणाऱ्यांना उरले नव्हते.

स्वर्गीय राजधानी

नानकिंगला स्वर्गीय राजधानी हे नाव देऊन हुंगने ११ वर्षे तेथे राज्य केले. या राज्याला निव्वळ वेड म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. अफू, जुगार, वेश्याव्यवसाय आणि पाय बांधण्याची रूढी यांवर त्याने बंदी घातली. १८५३ च्या भूमिविषयक योजनेत जमिनीची प्रतीनुसार नऊ वर्गांत विभागणी करून स्त्रीपुरुषांना समान वाटा द्यावा आणि दर २५ कुटुंबांमागे एक सामाईक कोठार असावे, असे ठरविले होते. त्या काळी इतका मूलगामी विचार क्वचितच कोणा सरकारने कागदावर उतरविला असेल. पण तो बव्हंशी कागदावरच राहिला. सैन्याला धान्य हवे होते; ते जुन्याच जमीनदारांमार्फत जुन्याच पद्धतीने गोळा होऊ लागले. सामान्य अनुयायांत पतिपत्नींनाही काही वर्षे वेगळे राहण्याची सक्ती होती, तर राजवाड्यात अनेक राण्या होत्या. आणि परीक्षेने ज्याचे आयुष्य उद्ध्वस्त केले, त्या हुंगने परीक्षा रद्द केल्या नाहीत. कन्फ्यूशियसच्या जागी स्वतः दुरुस्त केलेले बायबल ठेवून त्या पुन्हा सुरू केल्या!

ज्या मिथकाने ही चळवळ उभी केली, त्यानेच ती आतून पोखरली. यांग स्यू-चिंग या पूर्वीच्या कोळसेवाल्याच्या अंगात प्रत्यक्ष परमेश्वर येत असे. आरंभी याचा उपयोग अनुयायांना एकत्र ठेवण्यास झाला. पुढे परमेश्वराच्या मुखाने यांग खुद्द हुंगलाच फटक्यांची शिक्षा फर्मावू लागला. आणि स्वतः देवपुत्र असल्याने हुंगला पित्याची आज्ञा नाकारता येईना. जेथे मतभेद मांडण्याची, पुरावा तपासण्याची वा मध्यम मार्ग काढण्याची सोय नसते, तेथे निकाल शस्त्रानेच लागतो. १८५६ च्या सप्टेंबरात यांग आणि त्याचे हजारो अनुयायी मारले गेले. त्यांना मारणारा वेइ चांग-ह्वेइही दोनच महिन्यांत मारला गेला. शी ता-खाई हा सर्वांत कर्तबगार सेनापती आपले सैन्य घेऊन निघून गेला.

१८५९ साली हुंगचा चुलतभाऊ हुंग जेन-कान हाँगकाँगहून आला. रेल्वे, बँका, टपाल, वृत्तपत्रे असा आधुनिक कार्यक्रम त्याने मांडला. पण त्यातले काही प्रत्यक्षात आले नाही. त्सेंग क्वो-फानच्या हूनान सेनेने वेढा आवळत आणला, तेव्हा राजधानी सोडून निसटण्याचा सल्ला सेनापती ली स्यू-चेंगने दिला. हुंगने स्वर्गातील सैन्यावर भिस्त ठेवून तो धुडकावला. शहरातले धान्य संपले, तेव्हा परमेश्वराने धाडलेले अन्न म्हणून रानगवत खावे, अशी त्याची आज्ञा झाली आणि त्याने स्वतःही ते खाल्ले. १८६४ च्या १ जूनला तो मरण पावला. १९ जुलैला शहर पडले आणि पुन्हा कत्तल झाली, या वेळी दुसऱ्या बाजूने. हुंगचे प्रेत उकरून जाळण्यात आले. कोवळ्या वयाच्या त्याच्या मुलालाही पकडून मारण्यात आले.

उपासमार आणि अन्याय यांतून बंडे होतात, हे सर्वज्ञात आहे. त्याच काळात उत्तर चीनमध्येही पुरांनी व दारिद्र्याने गांजलेल्या न्येन टोळ्यांनी बंड केले. पण त्यांच्यापाशी नवा धर्म नव्हता आणि स्वतंत्र राज्य त्यांना स्थापता आले नाही. श्रद्धेने ताइपिंगांना शिस्त दिली, त्याग दिला आणि शत्रू दिला. अनुभवावरून शिकण्याची शक्ती मात्र तिने हिरावून घेतली. प्रत्येक विजय हा देवाचा पुरावा ठरला आणि प्रत्येक पराभव ही देवाने घेतलेली परीक्षा ठरली. चूक झाली, असे म्हणण्यास जागाच उरली नाही.

जिंकलेल्यांनी तरी काय शिकले? बंड मोडण्यासाठी १८५३ मध्ये मालाच्या वाहतुकीवर लिकिन नावाचा कर बसविण्यात आला. तो तात्पुरता कर १९३१ पर्यंत टिकला. प्रांतिक सेनापती प्रबळ झाले आणि केंद्रसत्ता दुबळी झाली. जमिनीचा प्रश्न आणि शिकलेल्या बेकारांचा प्रश्न जागच्या जागीच राहिला. हुंगच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी त्याच क्वांगतुंग प्रांतात सन यत्‌-सेनचा जन्म झाला. ताइपिंगांच्या कथा ऐकत तो वाढला आणि १९१२ मध्ये मांचू राजवंश सिंहासनावरून गेला.

हुंगला वेळीच ओळखून तुरुंगात टाकले असते, तर हे सारे टळले असते, असे मानणारे पुष्कळ असतील. पण दुसरा कोणी स्वप्न पाहणारा मिळाला असता. भ्रमिष्ट माणसे कोणत्याही समाजाला टाळता येत नाहीत. सारा दुप्पट का झाला हे शेतकऱ्याला सांगणारा आणि त्यात सूट देणारा अधिकारी, उपऱ्यांनाही दाद देणारे न्यायालय, नापास झालेल्या हुशार मुलाला दुसरा मार्ग दाखविणारी व्यवस्था, दुष्काळात उघडणारे सरकारी कोठार, एवढ्या साध्या गोष्टी क्वांगसीत असत्या, तर स्वर्गीय राजा आपल्या गावी मुलांना अक्षरे गिरवायला शिकवीत म्हातारा झाला असता, आणि त्याचे स्वप्न फार तर घरातल्यांनाच ठाऊक राहिले असते.