महादेव गोविंद रानडे

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे (जन्म : निफाड, १८ जानेवारी १८४२, मृत्यू : मुंबई, १६ जानेवारी १९०१) हे न्यायाधीश, अर्थशास्त्रज्ञ, इतिहासकार आणि समाजसुधारक होते. प्रार्थनासमाज, सामाजिक परिषद आणि विधवाविवाहाची चळवळ यांतील त्यांचे कार्य सर्वपरिचित आहे. जमीन गहाण ठेवून काढलेल्या कर्जाचा प्रश्न त्यांनी न्यायासनावरून हाताळला आणि अर्थशास्त्रीय लेखनातूनही मांडला.

जीवन

रानडे यांचे वडील कोल्हापूर संस्थानात नोकरीस होते. त्यामुळे त्यांचे आरंभीचे शिक्षण कोल्हापुरात झाले. पुढे ते मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाले. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेत (१८५९) ते उत्तीर्ण झाले. १८६२ मध्ये त्यांनी बी. ए. ची आणि १८६६ मध्ये एल्‌एल. बी. ची पदवी मिळवली. १८७१ मध्ये पुण्यात दुय्यम न्यायाधीश म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेथे ते सार्वजनिक सभेच्या कार्यात सहभागी झाले आणि शेतकऱ्यांच्या स्थितीविषयी सभेने केलेल्या अभ्यासाला त्यांनी दिशा दिली.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव चढले आणि दख्खनमधील शेतकऱ्यांची पत वाढली. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले. त्यानंतरच्या फेरमोजणीत अनेक तालुक्यांचा सारा वाढवण्यात आला. सावकारांनी नवे कर्ज देणे आखडते घेतले आणि जुन्या रोख्यांवर हुकूमनामे मिळवून जमिनी ताब्यात घेण्यास आरंभ केला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. दंगेखोरांचा मुख्य रोख सावकारांकडील कर्जरोखे व गहाणखते जाळून टाकण्यावर होता. कारण जमीन हातची जाते ती या कागदांमुळे, असा त्यांचा अनुभव होता.

दख्खन कृषक साहाय्य कायदा

चौकशी आयोगाच्या अहवालानंतर १८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा संमत झाला. आरंभी तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. केवळ रोख्यावरील आकडा प्रमाण न मानता व्यवहाराचा आरंभापासूनचा हिशेब तपासण्याचे कर्तव्य या कायद्याने न्यायालयावर सोपवले. विशेषत्वाने गहाण न टाकलेली जमीन कर्जापोटी जप्त करता येईना. कर्जासाठी कैद रद्द झाली, हप्ते बांधून देण्याची तरतूद झाली, तसेच पावती व हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क ऋणकोस मिळाला.

कनिष्ठ न्यायालयांच्या निर्णयांची तपासणी करण्यासाठी या कायद्यान्वये विशेष न्यायाधीशाचे पद निर्माण करण्यात आले. रानडे यांनी प्रथम डॉ. पोलन यांच्या हाताखाली साहाय्यक म्हणून आणि १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून स्वतः विशेष न्यायाधीश म्हणून हे काम पाहिले. त्यासाठी त्यांना चारही जिल्ह्यांत सतत फिरती करावी लागे. काशीनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या मृत्यूनंतर १८९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून त्यांची नेमणूक झाली.

कर्जव्यवस्थेविषयीचे विचार

रानडे यांच्या मते ऋणकोला संरक्षण देणारा कायदा आवश्यक असला, तरी तेवढा पुरेसा नव्हता. वसुलीची खात्री कमी झाली की धनको हात आखडतो आणि बी-बियाणे, बैल वा विहिरीसाठी पैसा लागणारा शेतकरी पुन्हा अधिक कडक अटींकडे वळतो. म्हणून न्यायालयीन संरक्षणासोबतच अल्प व्याजाचे व दीर्घ मुदतीचे कर्ज देणारी संस्था उभी राहिली पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी आखलेल्या कृषी बँकेच्या योजनेस रानडे यांचा पाठिंबा होता. भारत सरकारने अनुकूलता दाखवूनही लंडनमधील भारतमंत्र्यांनी ती नामंजूर केली. १८९१ मध्ये पुण्याच्या औद्योगिक परिषदेत रानडे यांनी स्थावर तारणावरील पतपुरवठ्याच्या पुनर्रचनेवर निबंध वाचला. युरोपातील जमीन-तारण संस्थांचा आढावा घेऊन, देशी भांडवल व सरकारचे पाठबळ यांची सांगड घालावी, असे त्यांनी त्यात सुचवले. हा निबंध त्यांच्या भारतीय अर्थशास्त्रावरील निबंधसंग्रहात (१८९८) समाविष्ट आहे.

जमिनीची खरेदी-विक्री सर्वस्वी बंद करावी, असे मात्र त्यांचे मत नव्हते. लहान शेतकऱ्यांबरोबरच भांडवल बाळगणारा जमीनधारक वर्गही शेतीच्या प्रगतीस हवा, असे ते मानत. या भूमिकेवर पुढे टीका झाली; गरजू शेतकऱ्याची जमीन अखेर धनवंताकडे जाण्यास तीत वाव राहतो, असा आक्षेप घेतला गेला.

उत्तरकाल

रानडे यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९०४ मध्ये, सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. दीर्घ मुदतीच्या कर्जासाठी मुंबई प्रांतात सहकारी भूतारण बँक १९३५ मध्ये स्थापन झाली. तारण नेमके कोणते, व्याज किती, हप्ता कसा आणि कर्ज फिटल्यावर मालमत्ता मोकळी कशी होते, हे प्रश्न आजही गृहकर्ज वा जमीन-तारण कर्ज घेणाऱ्या प्रत्येकापुढे असतात. रानडे यांनी एकोणिसाव्या शतकातच ते वैयक्तिक सावधगिरीचे न मानता कायद्याचे व संस्थांचे मानले.