नारायण वामन टिळक

नारायण वामन टिळक (६ डिसेंबर १८६१ – ९ मे १९१९) हे मराठी कवी, कीर्तनकार आणि ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. ‘रेव्हरंड टिळक’ या नावाने ते सर्वपरिचित असून मराठी काव्यात ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. ईश्वरावर सर्व भार टाकून जगणे हा त्यांच्या काव्याचा विषय तर होताच. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी तो आपल्या उपजीविकेचाही आधार केला.

बालपण व शिक्षण

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांचे प्राथमिक शिक्षण कल्याण येथे झाले. आज कल्याणला लागून असलेले उल्हासनगर वसण्यास तेव्हा पाऊण शतकाचा अवकाश होता. आई जानकीबाई यांच्याकडून काव्याची आणि भक्तीची गोडी त्यांना लाभली. वडील वामनराव मात्र अत्यंत कोपिष्ट होते. आईच्या अकाली मृत्यूनंतर नारायण घर सोडून नाशिकला गेला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्याने संस्कृतचे अध्ययन केले. पुढे काही काळ इंग्रजी शाळेत जाऊनही मॅट्रिकपर्यंत तो पोहोचला नाही.

नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले घराण्यातील मनकर्णिका हिच्याशी त्यांचा विवाह झाला. याच पुढे ‘स्मृतिचित्रे’कार लक्ष्मीबाई टिळक म्हणून प्रसिद्धीस आल्या. विवाहानंतरची दहा-बारा वर्षे टिळकांनी शिक्षक, पुराणिक, छापखान्यातील जुळारी अशा नाना कामांत आणि नाना गावी घालवली. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांना काहीसे स्थैर्य मिळाले, परंतु तेही टिकले नाही.

धर्मांतर

१८९३ च्या सुमारास राजनांदगाव येथे नोकरीसाठी जात असता आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचा संवाद झाला. त्या गृहस्थाने त्यांना नवा करार भेट दिला. टिळकांनी तो आरंभी जिज्ञासेने वाचला. डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर मात्र त्यांना तो सोडवेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची झळ सर्वाधिक लागली ती लक्ष्मीबाईंना. लहानग्या मुलासह त्यांना सुमारे पाच वर्षे पतीपासून दूर, आप्तांच्या आधाराने राहावे लागले. पुढे त्या अहमदनगरला टिळकांकडे परतल्या. सोवळ्याओवळ्याचे बंध एकेक करून गळून पडले आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या चरित्रात हा भाग पुष्कळदा दोन ओळींत उरकला जातो, ते योग्य नव्हे. पतीने ईश्वराच्या हाती सोपवलेल्या संसाराचा प्रत्यक्ष भार कोणी वाहिला, हे त्याशिवाय कळत नाही.

अहमदनगर येथील कार्य

अहमदनगरच्या ईश्वरविज्ञान शाळेत टिळक अध्यापन करीत. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ या पत्राच्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. बालकवी ठोंबरे यांना त्यांच्याच घरी पुत्रवत आश्रय मिळाला.

परदेशी चालीवर बेतलेली भाषांतरित गीते मराठी माणसाच्या अंतःकरणाला भिडत नाहीत, असे टिळकांचे मत होते. म्हणून त्यांनी अभंग, ओवी, पद आणि कीर्तन या देशी प्रकारांत ख्रिस्तभक्ती आणली. आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची धारणा होती. वारकरी अभंगातील शरणागती त्यांच्या रचनेत जशीच्या तशी उतरली आहे. फक्त जिच्या चरणी ती अर्पण केली जाते, ती मूर्ती निराळी. त्यांची शंभरांहून अधिक भक्तिगीते ‘उपासना संगीत’ या संग्रहातून मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत गाइली जातात. ‘अभंगांजली’ हा त्यांच्या अभंगांचा संग्रह होय.

घरात मात्र या शरणागतीचे रूप नेहमीच काव्यमय नसे. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. दारी आलेल्याला ते घरातले देऊन टाकत, अनोळखी माणसांना मुक्कामाला आणत आणि मनात येईल तेव्हा प्रवासाला निघत. उद्याची चिंता करू नये ही त्यांची श्रद्धा होती; उद्याचे पीठ-मीठ पाहणे हे लक्ष्मीबाईंचे काम होते. ‘स्मृतिचित्रे’त हे सारे त्यांनी कडवटपणा न ठेवता, पण काहीही न लपवता सांगितले आहे. त्यांचा विनोद टिळकांच्या भोळेपणाला सोडत नाही आणि त्यांच्या निष्ठेला उणेही लेखत नाही.

देवाचा दरबार

१९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, टिळकांनी आंतरिक प्रेरणेने मिशनची नोकरी सोडली. महिन्याच्या वेतनाची शाश्वती, मिशनमधील स्थान आणि संस्थेचे पाठबळ यांचा त्यांनी एकदम त्याग केला आणि ख्रिस्ती संन्यासी म्हणून उरलेले आयुष्य घालवण्याचे ठरवले. हा संन्यास घरादाराचा त्याग करणारा नव्हता. कुटुंब त्यांच्यासोबतच राहिले. सातारा येथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना तेथे स्थान होते. त्या काळच्या चर्चव्यवस्थेत ही कल्पना धाडसाची होती. मिशनशी मात्र टिळकांनी वैर धरले नाही.

दरबाराला फारसा अवधी मिळाला नाही. दोन वर्षांच्या आतच टिळकांची प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. संस्था म्हणून दरबार त्यांच्यामागे उभा राहिला नाही. त्यांचे चरित्रकार जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. देशी पद्धतीच्या ख्रिस्ती आश्रमजीवनाचा प्रयत्न त्या संघाने केला.

‘ख्रिस्तायन’

ख्रिस्तचरित्रावरील ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य टिळकांनी १९०९ मध्ये आरंभिले होते. त्यांच्या हातून त्याचे दहा-अकरा अध्यायच लिहून झाले. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढील चौसष्ट अध्याय रचले. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले. शेवटचा अध्याय पुत्र देवदत्त नारायण टिळक यांनी लिहिला आणि १९३८ मध्ये ग्रंथ प्रकाशित झाला.