संततिनियमनाचे एकाकी प्रवर्तक

रघुनाथ धोंडो कर्वे नऊ वर्षांचे होते, तेव्हा म्हणजे १८९१ साली त्यांच्या मातोश्री राधाबाई बाळंतपणात दगावल्या. त्या काळी घरोघरी घडणारी ही गोष्ट. वडील महर्षी कर्वे यांनी पुढे विधवांच्या शिक्षणाला आयुष्य वाहिले. थोरल्या चिरंजीवांनी मात्र समाजाला त्याहूनही अवघड जाणारा विषय हाती घेतला.

१८९९ साली मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आलेले रघुनाथराव मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवीत. संततिनियमनाचा उघड प्रचार आरंभल्यावर त्यांना ती नोकरी सोडावी लागली. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपले केंद्र उघडले, तेही याच वर्षी. पत्नी मालतीबाईंसह त्यांनी स्वतः अपत्य न होऊ देण्याचा निर्णय घेतला होता.

क्षय, हृदयविकार किंवा लागोपाठच्या बाळंतपणांनी खंगलेल्या स्त्रीला त्या काळी सांगण्यासारखा उपाय एकच समजला जाई, तो म्हणजे ब्रह्मचर्य. तो पाळणे तिच्या एकटीच्या हाती नव्हते, हे सांगायला नकोच. कर्व्यांनी हा प्रश्न नीतीच्या कक्षेतून काढून आरोग्याच्या कक्षेत आणला. त्यांच्या काळात साधने मोजकीच होती. रबरी टोपी स्त्रीच्या मापाने बसवावी लागे आणि बाळंतपणानंतर माप पुन्हा घ्यावे लागे. तिने प्रकृतीला सहसा अपाय होत नसे. पण ती फसण्याचा संभव बराच, आणि जिच्या जिवाला गर्भारपणच धोक्याचे, तिला ही जोखीम परवडणारी नव्हती. पोटात घ्यायची गोळी आली ती १९६० साली. तिच्यासोबत निवडीचा नवा पेचही आला. रक्तदाब जास्त असलेल्या, रक्तात गुठळी होऊन गेलेल्या किंवा दृष्टीपुढे चमकणाऱ्या रेषा दिसून अर्धशिशी उठणाऱ्या स्त्रीला ईस्ट्रोजेनयुक्त गोळी सहसा देत नाहीत. तिला तांबी चालू शकते. कोणत्या विकारात कोणते साधन निर्धोक, याचे निकष जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ साली प्रथम प्रसिद्ध केले.

जुलै १९२७ मध्ये कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. वाचकांच्या शंकांना ते त्यातून आडपडदा न ठेवता उत्तरे देत, आणि हीच उत्तरे त्यांना भोवली. अश्लीलतेच्या आरोपाखाली खटले झाले, दंड भरावा लागला. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. खटला हरला तरी बाबासाहेबांनी विषय सोडला नाही. संततिनियमनाच्या प्रचारासाठी त्यांच्या वतीने १९३८ साली मुंबई विधिमंडळात ठराव मांडला गेला; तो फेटाळला गेला.

१९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम स्वीकारला. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्व्यांचे निधन झाले. नोव्हेंबरचा अंक निघाला आणि ‘समाजस्वास्थ्य’ बंद पडले.