जेआरडींनी देऊन टाकलेले प्लग आणि माझ्या गाडीचे गेलेले आटे

गेल्या उन्हाळ्यात मी वैरागला घरच्या घरी गाडीचा स्पार्क प्लग बदलायला बसलो. इंजिन तापलेलं होतं. नवा प्लग जरा तिरका लागला, मी पाना लावून तसाच दाबून फिरवला आणि हेडचे आटे गेले. मग फिटरने हेड उतरवलं, लेथवर बुश बसवून नवे आटे पाडून आणले. गाडी दोन दिवस उभी. त्या दोन दिवसांत मोबाईलवर विमानांच्या प्लगबद्दल वाचत होतो, आणि तिथे अचानक जे.आर.डी. टाटा भेटले.

जेआरडींचा जन्म 29 जुलै 1904 चा, पॅरिसचा. इंग्लिश खाडी पहिल्यांदा विमानाने ओलांडणारे ब्लेरिओ हे फ्रान्समध्ये त्यांचे शेजारी. विमानाचं वेड लहानपणीच लागलं. 10 फेब्रुवारी 1929 ला त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेला तो पहिलाच परवाना, नंबर 1!

त्याच वर्षी आगाखानांनी 500 पौंडांचं बक्षीस लावलं. भारत ते इंग्लंड किंवा उलट, एकट्याने विमान न्यायचं. जेआरडी मे 1930 मध्ये कराचीहून जिप्सी मॉथ घेऊन निघाले. इंग्लंडकडून अॅस्पी इंजिनिअर नावाचा 17 वर्षांचा पोरगा येत होता. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अबुकीरला दोघं भेटले. अॅस्पी अडकून पडला होता, कारण त्याच्याकडे जादा स्पार्क प्लग नव्हते. जेआरडींकडे होते. समोरचा स्पर्धक आहे हे माहीत असूनही त्यांनी आपल्याकडचे प्लग काढून दिले.

प्लगसारख्या बारक्या वस्तूसाठी विमान अडतं कसं? विमानाच्या पिस्टन इंजिनात एका सिलिंडरला दोन प्लग असतात, आणि दोन मॅग्नेटो. जिप्सीच्या चार सिलिंडरना आठ प्लग. एक बिघडला तर दुसऱ्यावर इंजिन चालतं, पण ताकद कमी होते, आणि तशा अवस्थेत समुद्र किंवा वाळवंट ओलांडायला कोण निघेल? प्लगवर तेल, काजळी धरली की काढून साफ करायचा. प्रत्येक वेळी काढघाल केली की आट्यांवर ताण येतोच.

खरं दुखणं तिथेच आहे. प्लग पोलादाचा, हेड अॅल्युमिनियमचं, म्हणजे मऊ. म्हणून आजच्या बऱ्याच विमान इंजिनांत प्लगच्या भोकात आधीच स्टेनलेस स्टीलच्या तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी बसवलेली असते. तिला हेलिकॉइल म्हणतात. ती भोकापेक्षा किंचित मोठी असते, त्यामुळे बाहेरच्या बाजूला दाब देत घट्ट बसते, आणि प्लग तिच्या आतल्या आट्यांत फिरतो. आटे खराब झाले तर हेड टाकून द्यायची गरज नसते. जुनी गुंडाळी खास हत्याराने ओढून काढतात आणि नवी बसवतात. भोक सैल झालं असेल तर थोडी मोठ्या मापाची. टॅप फिरवताना त्याला ग्रीस लावतात, म्हणजे धातूचा कीस त्यालाच चिकटतो, सिलिंडरमध्ये पडत नाही. हे काम परवानाधारक इंजिनिअरच करतो आणि लॉगबुकात नोंद होते. आपल्या फिटरकडे लॉगबुक नसतं, पण अंदाज मात्र जबरदस्त असतो!

प्लग बसवतानाही आधी बोटांनीच पूर्ण फिरवायचा. बोटांनी जात नसेल तर थांबायचं, आटे साफ करायचे. नवा वायसर घालायचा आणि शेवटी टॉर्क पान्याने ठरलेल्या मापापर्यंतच आवळायचं. मी नेमकं उलटं केलं होतं.

तर शर्यत अॅस्पीने जिंकली, जेआरडी काही तासांनी मागे पडले. हाच अॅस्पी 1960 मध्ये भारताचा हवाई दल प्रमुख झाला. जेआरडींनी 15 ऑक्टोबर 1932 ला पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला टपाल आणलं. तीच टाटांची विमानसेवा 1946 मध्ये एअर इंडिया झाली. 1953 मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली, तरी 1978 पर्यंत अध्यक्ष जेआरडीच होते. मग सरकारने त्यांना बाजूला केलं. आणि 1982 मध्ये, वयाच्या 78 व्या वर्षी, त्यांनी तोच कराची–मुंबई प्रवास पुन्हा एकदा स्वतः विमान चालवत केला, जुन्या लेपर्ड मॉथमधून. 29 नोव्हेंबर 1993 ला जिनिव्हात ते गेले.

माझ्या गाडीचा बुश अजून टिकून आहे. प्लग मात्र आता गार इंजिनवरच काढतो.