रंगारी सेरिझावा

अकोल्याचे जुने शहर मोर्णा नदीच्या काठी वसले आहे. वऱ्हाड हा कापसाचा प्रदेश. त्यामुळे कापसाचे बोंड व त्यापासून होणारे कापड येथील मुलांच्या चांगल्या परिचयाचे असते. आजीचे लुगडे विरले, म्हणजे त्याची गोधडी होते, हेही त्यांनी पाहिलेले असते. कापड केवळ अंग झाकीत नाही. ते घरालाही शोभा आणते. जपानातील एका थोर कलावंताने याच गोष्टीसाठी आपले आयुष्य वेचले. त्यांचे नाव केइसुके सेरिझावा.

सेरिझावांचा जन्म १३ मे १८९५ रोजी शिझुओका येथे, कापडाचा व्यापार करणाऱ्या घराण्यात झाला. १९१६ मध्ये टोकियो येथे त्यांनी नक्षीकामाचे शिक्षण पूर्ण केले. १९२७ मध्ये सोएत्सु यानागी या विचारवंताचे लेखन त्यांच्या वाचनात आले. अनाम कारागीर रोजच्या वापरासाठी ज्या साध्या वस्तू घडवितात, त्यांतच खरे सौंदर्य वसते, असे यानागींचे मत होते. ते सेरिझावांच्या मनावर कायमचे बिंबले. पुढल्याच वर्षी त्यांनी एका प्रदर्शनात ओकिनावा बेटावरील ‘बिनगाता’ नावाची रंगीत वस्त्रे पाहिली. त्या तेजस्वी रंगांनी त्यांना भुरळ घातली. १९३९ मध्ये ते स्वतः ओकिनावास गेले व तेथे राहून त्यांनी त्या कलेचा अभ्यास केला.

ही कला मोठ्या चिकाटीची आहे. प्रथम तुतीच्या जातीच्या झाडापासून केलेले कागद एकावर एक चिकटवून त्यांना एका फळाचा तुरट रस देतात. या टणक कागदात धारदार सुरीने नक्षी कोरली, की साचा तयार होतो. साचा कापडावर ठेवून त्यावरून तांदळाची खळ पसरतात. खळ वाळल्यावर कुंचल्याने रंग देतात आणि शेवटी कापड पाण्यात धुतात. खळ निघून जाते व तिच्याखालील भाग कोरा राहून नक्षी उमटते. ही कामे सामान्यतः निरनिराळे कारागीर वाटून घेत. सेरिझावा मात्र चित्र काढण्यापासून रंग देण्यापर्यंतची कामे स्वतः करीत. दारावरचे पडदे, आडोशाच्या घड्या, पंखे, पुस्तकांची वेष्टने अशा नित्याच्या वस्तू त्यांनी नटविल्या. मासे, भाज्या, मडकी, एवढेच काय, जपानी मुळाक्षरेही त्यांच्या नक्षीत येत.

१९४५ मध्ये महायुद्धाच्या वणव्यात टोकियोतील त्यांचे घर जळाले. कित्येक वर्षे श्रमून कोरलेले साचे, हत्यारे, वस्त्रे यांची राख झाली. त्यांचे वय तेव्हा पन्नाशीला टेकले होते. रंगवावे म्हटले, तर कापडही मिळेना. परंतु सेरिझावा खचले नाहीत. कापड नाही, तर हातकागद आहे, असा विचार करून त्यांनी पुन्हा साचे कोरावयास घेतले आणि कागदावर रंगीत दिनदर्शिका काढल्या. पुढे या दिनदर्शिका परदेशांतही गेल्या. जळालेल्या घराच्या धन्याची कला अशा रीतीने इतरांच्या घरांच्या भिंती सजवू लागली.

१९५६ मध्ये जपान सरकारने त्यांना राष्ट्राचा जिवंत ठेवा म्हणून गौरविले. १९७६ मध्ये पॅरिस येथे त्यांच्या कलाकृतींचे मोठे प्रदर्शन भरले. ५ एप्रिल १९८४ रोजी त्यांचे निधन झाले. शिझुओका येथील त्यांच्या नावाच्या संग्रहालयात त्यांची वस्त्रे जपून ठेविली आहेत.

मोठा मान मिळूनही सेरिझावांनी दारावरच्या पडद्यास कधी हलके मानले नाही. आपल्या घरातील गोधडी आज रात्री पांघराल, तेव्हा तिचे टाके व रंग एकवार नीट न्याहाळून पाहा. तेथेही कोणाच्या तरी हातांची कला तुम्हांस दिसेल.