पासंग पारखणारा शास्त्रज्ञ : जॉन टिंडल

आयर्लंडच्या कार्लो परगण्यात २ ऑगस्ट १८२० रोजी जॉन टिंडलचा जन्म झाला. बाप पोलिसात साधा शिपाई. घरी पैसा नव्हता, परंतु मुलाने शिकलेच पाहिजे असा त्या गरीब बापाचा आग्रह होता. १८३९ साली टिंडल सरकारी मोजणी खात्यात नकाशे काढण्याच्या कामावर लागला. तेथील मजुरीच्या व वागणुकीच्या अन्यायाविरुद्ध त्याने आवाज उठविला आणि १८४३ साली नोकरी गमावली. पुढे त्याने रेल्वेच्या मोजणीचे काम केले; १८४७ पासून एका शाळेत गणित शिकविले. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, साठविलेल्या पैशांवर, तो जर्मनीतील मारबुर्ग येथे शिकावयास गेला आणि दोन वर्षांत डॉक्टर होऊन बाहेर पडला. ज्याची तरुणपणाची आठ वर्षे साखळी व दुर्बीण घेऊन जमीन मोजण्यात गेली, त्यानेच पुढे हवा मोजली, हे आम्हांस मोठे अर्थपूर्ण वाटते.

१८५३ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये तो प्राध्यापक झाला. तेथे फॅरडेसारखा थोर पुरुष त्यास वडीलधाऱ्यासारखा लाभला. त्या काळी एक प्रश्न विद्वानांपुढे होता. सूर्याचा प्रकाश हवेतून सहज खाली येतो. मग तापलेल्या पृथ्वीची उष्णता रात्री तितक्याच सहज निघून का जात नाही? हवेचे आवरण ती अडवीत असावे, असा तर्क फ्रेंच गणिती फूरिये याने १८२० नंतरच्या दशकात केला होता. १८५६ साली अमेरिकेतील युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळ्या उन्हात ठेवून, कर्बाम्ल वायूने (म्हणजे आजच्या पाठ्यपुस्तकांतील कार्बन डायऑक्साइडने) भरलेली नळी सर्वांत अधिक तापते असे दाखविले होते. टिंडलच्या निबंधात त्यांचे नाव आढळत नाही. त्यांस न्याय मिळावयास दीडशे वर्षे लागली, हेही विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. मात्र काचेतून पृथ्वीसारख्या थंड वस्तूचे उष्णताकिरण जात नाहीत. ते किरण कोणता वायू किती गिळतो, हे मोजण्याचे काम शिल्लकच होते.

१८५९ च्या मे महिन्यात टिंडल या कामास लागला. त्याने सुमारे चार फूट लांबीची पितळी नळी घेतली व तिची दोन्ही तोंडे सैंधवाच्या पारदर्शक चकत्यांनी बंद केली, कारण सैंधव हे किरण जाऊ देते. नळीच्या एका टोकाकडे उकळत्या पाण्याचा तांब्याचा चौकोनी डबा आणि दुसऱ्या टोकास थर्मोपाइल, म्हणजे उष्णतेने वीज उत्पन्न करणारे साधन, व त्यास जोडलेला गॅल्व्हानोमीटर. परंतु येथे अडचण उभी राहिली. उष्णता पुष्कळ, तर वायूने गिळलेला भाग चिमूटभर. काटा आधीच टोकास जाऊन बसला असता तेवढ्या फरकाने तो हलणार कसा?

साखळीच्या बाजारात जुना वाणी वजन करण्यापूर्वी रिकामा तराजू उचलून पाहत असे. एक पारडे हलके असेल तर त्या बाजूस तो खडा बांधी. त्यासच आपण पासंग म्हणतो. टिंडलने नेमके हेच केले. थर्मोपाइलच्या दुसऱ्या तोंडासमोर त्याने दुसरा उकळता डबा ठेवला आणि मधला धातूचा पडदा हळूहळू सरकवून दोन्ही बाजूंची उष्णता सारखी केली. काटा शून्यावर आला. मग नळीत वायू सोडताच काटा ढळे आणि तेवढा ढळ सर्वस्वी वायूचा असे.

तरीही शून्य खरे राहीना. शोध घेता असे आढळले की, गॅल्व्हानोमीटरच्या तारेवरील हिरव्या रेशमाच्या रंगात लोहाचा अंश होता व तोच काट्यास ओढीत होता. त्याने पांढरे रेशीम गुंडाळलेली तार बसविली. पुढे पाहतो तो काट्याचे अंशही सारख्या किमतीचे नव्हते! शून्याजवळचा एक अंश आणि साठाच्या पलीकडचा एक अंश यांत मोठी तफावत. तेव्हा कोणता अंश म्हणजे किती उष्णता याचा त्याने निराळा तक्ता बांधला. यालाच आपण अंशांकन म्हणतो. हवेतील बाष्प व कर्बाम्ल वायू आधी शोषून काढल्यावाचून तो शुद्ध हवा नळीत सोडीत नसे. १८६० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तर तो आठवडेच्या आठवडे रोज आठ-दहा तास या एका यंत्रापाशी उभा होता. हे काम आमच्या मते त्याच्या कोणत्याही व्याख्यानाहून मोठे आहे.

फळ मिळाले. प्राणवायू व नत्रवायू किरणांस जवळजवळ अडवीत नाहीत. पाण्याची वाफ व कर्बाम्ल वायू मात्र अडवितात. त्याच्या प्रयोगशाळेत १८६४ साली माणसाच्या उच्छ्वासातील कर्बाम्ल वायूही याच रीतीने मोजून रासायनिक पृथक्करणाशी ताडण्यात आला.

शाळांतील इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रकल्पांत वर्गाची हवा मोजणारा जो सेन्सर वापरतात, तो टिंडलच्या नळीचा नातूच होय. आगपेटीएवढ्या डबीत दिवा, लहानशी पोकळी, ४.२६ मायक्रोमीटरच्या आसपासच्या लहरीच जाऊ देणारी गाळणी आणि उष्णता ओळखणारा डोळा. दिवा मंदावतो, धूळ बसते, आणि पासंग सुटतो. मग उघड्या, रिकाम्या वर्गातही तो ७०० दाखवू लागतो. आमच्या पाळीसारख्या गावी पावसाळ्यात झड आत येते म्हणून खिडक्या लावून घ्याव्या लागतात. दशलक्ष भागांत १,००० भागांहून अधिक हा वायू असेल तर खोलीची हवा वाईट समजावी, असे म्युनिकच्या पेटेनकोफरने १८५८ सालीच सांगितले होते. खिडकी उघडावी की नाही हे आकड्यावरून ठरवावयाचे, तर खोटा आकडा म्हणजे दिवसभर कोंदट हवेत जांभया देणारी मुले.

म्हणून सेन्सर उघड्या मैदानावर न्यावा, माणसांचा श्वास व चुलीचा धूर टाळून वीस मिनिटे चालू ठेवावा आणि तेथील हवा सुमारे ४२५ आहे असे त्यास शिकवावे. पहाटेची वेळ टाळावी. कुळागरांतील झाडे रात्रभर हाच वायू सोडतात व निवांत हवेत तो साचून राहतो. दुपारचा वारा बरा. काही सेन्सर गेल्या काही दिवसांतील सर्वांत लहान आकडा आपणच उघडी हवा म्हणून धरतात. कायम बंद खोलीत ते फसतात. आणि अगदी स्वस्त मिळणारे कित्येक तर हा वायू मोजीतच नाहीत, इतर वायूंवरून अदमास बांधतात. उदबत्तीनेही त्यांस भूल पडते.

टिंडलने १८६१ साली आल्प्समधील वाइसहॉर्न शिखर प्रथम सर केले. कवडशातील धूलिकणांवर त्याने केलेले प्रयोग खाणीची लाल धूळ पाहिलेल्या आमच्या मुलांस सहज समजतील. १८७२-७३ साली अमेरिकेत दिलेल्या व्याख्यानांची सारी शिल्लक त्याने तेथील विद्यार्थ्यांसाठी देऊन टाकली. १८७६ साली लुइझा हॅमिल्टन हिच्याशी त्याचा विवाह झाला. उतारवयात त्यास झोप येईना. रात्री क्लोरल व सकाळी मॅग्नेशिया अशी औषधे चालत. ४ डिसेंबर १८९३ रोजी सकाळी लुइझाच्या हातून एकाऐवजी दुसरे दिले गेले आणि त्याच दिवशी तो वारला. त्यानंतर सत्तेचाळीस वर्षे ती पतीची पत्रे व टिपणे जमवीत राहिली. १९४० साली ती निवर्तली. चरित्र छापून निघाले ते १९४५ साली.